शब्दाचं कूळ विचारू नये

९ जुलै १९९५, रविवार

प्रल्हादराव आज सकाळीच जिना चढून आले. धापा टाकत दोन पेले पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "शरदिनीताई, यंदा स्मरणिकेत तुमचा लेख पाहिजेच." आमच्या समाजाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका गेली बारा वर्षं ते काढतात. दरसाल तीच रड. काशीतले महाराष्ट्रीय, त्यांचे घाट, त्यांची विद्वत्ता. लोक जाहिराती चाळतात आणि अंक रद्दीत घालतात. "तुम्ही इंग्रजी शिकवता, काही नया लिहा," म्हणाले. मी जरा आढेवेढे घेतले, पण मनातून खूश झाले. दुर्गाघाटावर माझ्याकडे कुणी काही मागायला येतं ते बहुधा वाटीभर साखर.

विषय लगेच सुचला. परवा अकरावीच्या मुलींना एक गोष्ट शिकवत होते. एकीने हात वर केला, "मैडम, स्टेपमदर में स्टेप माने सीढ़ी?" मी म्हटलं, "हाँ, एक सीढ़ी नीचे वाली माँ." वर्ग खदखदून हसला, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य मला टोचत राहिलं. सतरा वर्षं मी त्याच पायरीवर उभी आहे, आणि आपण मुलींना सांगितलं ते खरं की खोटं हे मला ठाऊक नव्हतं.

आता पाहीन. वैदेहीचं लग्न ठरलं आहे. डिसेंबरात ती इंदूरला जाईल. नंतर मी या घरात कुणाची सावत्र आई? त्याआधी या शब्दाचा एकदा निकाल लावून टाकावा.

१५ जुलै, शनिवार

मैदागिनपर्यंत पायी, पुढे टेम्पोने विद्यापीठ. वाचनालयातला तो जाड इंग्रजी कोश उचलताना मनगट दुखावलं, पण फेरी सार्थकी लागली.

पायरी नाहीच! जिन्याचा स्टेप आणि स्टेपमदरमधला स्टेप यांचा काडीचा संबंध नाही. नाव सारखं, घराणी वेगळी. हा स्टेप जुन्या इंग्रजीतल्या 'स्टेओप'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी हिरावून घेणं, पोरकं करणं असा अर्थ आहे. जर्मन भाषेत त्याचं भावंड आहे, 'श्टीफ'. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिकडे 'स्टेओपचाइल्ड' म्हणजे सावत्र मूल नव्हे, नुसतं पोरकं मूल. त्या पोरक्याला सांभाळायला जी येईल ती स्टेपमदर. आईला ते विशेषण मुलाकडून मिळालं.

आणि आपल्याकडे? सवत आली सपत्नीवरून, म्हणजे एका नवऱ्याच्या दोघी. सावत्र त्याच कुळातला. सपत्न म्हणजे तर संस्कृतात चक्क शत्रू. आपला शब्द दोन बायकांच्या वैरातून जन्मला आणि त्यात मुलाचं कुठे नावही नाही. इंग्रजांचा शब्द मुलाच्या दुःखातून जन्मला. इतकी वर्षं लोकांनी माझ्याकडे पाहिलं ते आपल्या शब्दातून. मी मात्र त्यांच्या शब्दातली निघाले. वाचनालयात बसल्या बसल्या मला रडू आलं, मग हसू आलं. शेजारचा विद्यार्थी उठून दुसऱ्या बाकावर गेला.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवतात, शब्दाची चाड यांना असणार असं मला वाटलं. संध्या आटपून पंचपात्र पुसत होते. सगळं ऐकून म्हणाले, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. त्यात शब्दाचंही घाल."

"का?"

"सापडतं म्हणून."

यांचं हे असंच. मी जरा उंच उडाले की हे दोरी खेचतात.

२३ जुलै, रविवार

लेख चालू आहे. आपल्या घरातलं उदाहरण घालावं की नाही यावर दोन दिवस घोळ घातला. घालणारच. कोशातला शब्द मेलेला असतो, त्याला माणूस लागतं.

माझं वागणं तरी असं आहे की छापायला लाज वाटू नये. मी या घरात आले तेव्हा वैदेही पाच वर्षांची होती. पद्मा, यांची पहिली बायको, जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ही पोर माझ्या पदराला धरून मला 'आई' म्हणाली. नातेवाईक बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला मात्र ते खोटं वाटलं. मी तिला उचलून पद्माच्या फोटोसमोर नेलं आणि समजावलं, "बाळ, ही तुझी आई. मी शरूमावशी. मला मावशी म्हणायचं." सगळ्यांदेखत सांगितलं. मी कुणाची जागा बळकावली नाही. दुसरी एखादी असती तर फोटो माळ्यावर टाकून आईपण मिरवत बसली असती. मी रोज त्या फोटोला हार घातला, मुलीलाही घालायला लावला. पुढे मला मूल झालं नाही, तरीसुद्धा मी नियम मोडला नाही.

वैदेही समजूतदार. तेव्हापासून एकदाही चुकली नाही.

३ ऑगस्ट, गुरुवार

लेख देऊन आले. शेवटचा परिच्छेद मला फार आवडला आहे, तो इथे उतरून ठेवते:

'आमच्याच घरात एक मुलगी पोरकी होऊन बसली होती. मी आले ती तिच्या आईची जागा घ्यायला नव्हे. स्टेपमदर या शब्दात उणेपण आईकडे नाही, ते मुलाकडे आहे. पोरकेपण आधी येतं, आई मागून येते. समाजाने इतकी वर्षं जे बोट आमच्याकडे रोखलं ते चुकीच्या माणसाकडे रोखलं.'

प्रल्हादरावांनी वाचून चष्मा पुसला. "बेजोड," म्हणाले. एका काना-मात्रेलाही हात लावणार नाहीत.

३० ऑगस्ट, बुधवार

काल गणपती बसले, आज अंक हातात आला. कागद पिवळट आहे आणि माझ्या लेखाच्या मध्येच एका पेढेवाल्याची जाहिरात घुसवली आहे. तरी काय झालं, मांडवात चार जणांनी येऊन अभिनंदन केलं. खालच्या मजल्यावरच्या नंदाताई म्हणाल्या, "मला तर बाई अर्ध्याहून कमी कळलं, पण शेवटी जीव हलला." माझा आजचा दिवस सोन्याचा.

वैदेहीने अंक दुपारी वाचला. चौथऱ्यावर पाय सोडून बसली होती. पानं उलटून झाल्यावर तिने विचारलं, "मावशी, मी पोरकी होते?"

मी तिला नीट समजावलं. हा जुन्या इंग्रजीतला अर्थ, भावार्थ नव्हे, वगैरे. आईविना मूल त्या अर्थी पोरकंच.

"तू आल्यावरही?"

मी म्हटलं, "अगं, शब्द काय आपल्या सोयीने बदलतो? पोरकेपण एकदा आलं की आलं. मी फक्त सांभाळायला."

ती हसली. "ठीक है," म्हणाली आणि अंक घडी करून आत ठेवायला गेली. एम.ए. झालेली मुलगी आहे, मुद्दा पटकन कळतो.

६ सप्टेंबर

वैदेही गेले काही दिवस फारशी बोलत नाही. लग्न ठरलेल्या मुली अशाच होतात.

१८ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी



आज पद्माचं श्राद्ध. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पितृपक्षात नवमीला करतात. सतरा वर्षं हा स्वयंपाक मी करत आले आहे. खीर, वडे, आमसुलाची चटणी. सवाष्ण म्हणून नंदाताई, त्यांना साडी मी निवडते, पद्माला हिरवा रंग आवडायचा म्हणून हिरवी. पद्माचे भाऊ श्रीरामराव दरवर्षी नवमीला ग्वाल्हेरहून येतात. यंदा बायकोला, इंदूवहिनींना, घेऊन आले. लग्नाचं बोलायचं होतं म्हणे.

जेवणं झाली. श्रीरामराव सुपारी कातरत बसले आणि खिशातून घडी केलेले कागद काढले. माझाच लेख! प्रल्हादरावांनी मोठ्या कौतुकाने त्यांना अंक पाठवला होता.

"शरदिनीताई, हे तुम्ही लिहिलंत?"

मी मूर्खासारखी लाजले. मला वाटलं, आता स्तुती.

त्यांनी शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "माझ्या बहिणीची मुलगी या घरात पोरकी आहे हे आम्हाला ग्वाल्हेरात संशय म्हणून माहीत होतं. आता छापून आलं, तुमच्या सहीने. मग आमचं एकच म्हणणं आहे. पोरक्या मुलीचं कन्यादान मामा-मामी करतात. आम्ही दोघं बसू."

हे पानावरून उठले नव्हते. शांतपणे म्हणाले, "मी जिवंत आहे, श्रीरामराव."

"तुम्ही आहातच, वेणीमाधवराव. पण शेजारी कोण बसणार? ज्या बाई म्हणतात मी आई नाही, त्या?"

मी जुन्या इंग्रजीबद्दल बोलायला लागले. स्टेओप, श्टीफ. इंदूवहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "जाऊ द्या हो, आमच्यासारख्या अडाण्यांना काय कळणार." स्वयंपाक माझा, साडी माझी, सतरा वर्षं माझी, आणि माझ्याच घरात मला माझंच वाक्य वाचून दाखवलं.

वैदेही दारात उभी होती. तिने एक शब्द तोंडातून काढला असता तर! नाही काढला. मी तिच्याकडे पाहिलं तर ती माझ्याकडेच पाहत होती, वाट पाहिल्यासारखी. कसली वाट?

२१ सप्टेंबर, गुरुवार

गावात आज वेगळाच उत्सव. गणपतीची मूर्ती दूध पिते आहे म्हणून लोक चमचे घेऊन धावताहेत. गल्लीत दूध नाही, चहा बिनदुधाचा. मी म्हटलं, "देव सुद्धा श्राद्धपक्षात उपाशी राहिला वाटतं." हे हसले नाहीत. सोमवारपासून हे माझ्याशी कामापुरतं बोलताहेत.

शेवटी मीच विषय काढला. "तुम्ही माझ्या बाजूने का नाही बोललात?"

"कुठली बाजू?" आवाज चढवत नाहीत कधी, आज चढला. "बाप समोर जेवतोय आणि मुलीला पोरकी छापलंस. पाठशाळेतली मुलं वाचतात तो अंक. तू शब्दाचं श्राद्ध घातलंस ते घाल, पिंड माझ्या नावाने का ठेवलास?"

मी म्हटलं तुम्हाला व्युत्पत्ती कळत नाही. म्हणाले, "नसेल. मुलगी कळते."

ज्या माणसाने सतरा वर्षांत तिची एकदा वेणी घातली नाही त्याला मुलगी कळते. गोवर निघाला तेव्हा सात दिवस मी बसले होते. दहावीचं गणित मी करून घेतलं. हे आपले घनपाठ म्हणत बसलेले. राग इतका आला आहे की भाताचं पातेलं आपटलं आणि आता त्याला पोचा पडला आहे.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी आली तशी गेली. परवा सूर्यग्रहण. घाटांवर मुंगी शिरायला जागा नव्हती, सगळा मुलूख स्नानाला लोटला होता. भर सकाळी अंधारून आलं आणि कबुतरं वळचणीला परतली. वैदेही गच्चीत माझ्या शेजारी उभी होती. गार वारा सुटला तसा तिने माझा हात धरला, लहानपणी धरायची तसा, मनगटाच्या वर. मी म्हटलं, "घाबरू नको, हे शास्त्रीय आहे." तिने हात सोडला.

आज श्रीरामरावांचं पत्र आलं. इंदूवहिनींनी कन्यादानासाठी पैठणी घेतली आहे. मी पत्र यांच्या हातात दिलं. यांनी वाचून पोथीत ठेवलं. ना हो, ना नाही.

मला ती जागा हवी आहे का? इथे तरी खरं लिहावं. हवी आहे. फार हवी आहे. तिच्या हातावर पाण्याची धार मी धरावी असं मला ती सहा-सात वर्षांची असल्यापासून वाटतं. पण कुणी म्हटल्याशिवाय जाऊन बसणारी मी नव्हे. सगळ्यांसमोर एकदा म्हणावं त्यांनी, शरदिनी, ही जागा तुझी. मग बसेन.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज दुपारी वैदेही आणि मी अक्षता करत बसलो होतो. परातीत तांदूळ, त्याला कुंकू चोळायचं. तिचे हात कोपरापर्यंत लाल. ती खाली बघतच म्हणाली, "मावशी, कन्यादानाला तू बस ना."

ते मला ऐकायचंच होतं. पण मी म्हटलं, "मामींनी पैठणी घेतली आहे म्हणे."

"मी तुला म्हणतेय."

"मामांना विचारलंस? बाबा काय म्हणतात?"

"सगळ्यांचं राहू दे. तुला बसायचं आहे का, एवढंच सांग."

असं विचारतात का? मला ते दयेसारखं वाटलं. नवमीच्या दिवशी दारात तोंड मिटून उभी राहिली, आणि आता तांदूळ चोळताना एकांतात विचारते, म्हणजे मी हो म्हटलं तर उद्या म्हणायला मोकळी की मावशीलाच हौस होती. मी म्हटलं, "ती तुझ्या आईची जागा आहे. सतरा वर्षं मी ती घेतली नाही, आता शेवटच्या दिवशी घेऊ?"

तिने परात बाजूला सारली. मग एकदम हिंदीत म्हणाली, "मावशी, बस एक बार बोल दो कि बैठना है. बाकी मैं देख लूँगी. मामा को भी, सबको."

"मराठीत बोल," मी म्हटलं. "इंदूरच्या घरी शुद्ध मराठी बोलतात."

ती उठली. लाल हात पुढे धरून चालत गेली, पदराला लागू नयेत म्हणून. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

मी ताठ राहिले याचं मला समाधान वाटायला हवं. चहाच्या वेळी चूल, कप, सगळं धूसर दिसायला लागलं आणि मी पदराने डोळे पुसत बसले. का ते सांगता येत नाही.

८ डिसेंबर, शुक्रवार

लग्न झालं. धर्मशाळेत. जेवणावळी उरकल्या, वऱ्हाड संध्याकाळच्या गाडीने गेलं. मी हे घरी, रिकाम्या खोलीत बसून लिहिते आहे.

पहाटेपासून मी कोठीत होते. कुणीतरी कोठी सांभाळायला हवीच, आचारी काय, नजर हटली की तूप गायब. मला बोलवायला नंदाताई दोनदा आल्या. "चला ना, मुहूर्त आला." मी म्हटलं जिलब्या उतरताहेत. खिडकीतून मांडव दिसत होता. मामी पैठणी नेसून बसणार, ते मी पाहणार नव्हते, पण पाहत होते.

मामी बसल्याच नाहीत. पाहुण्यांत मागे उभ्या होत्या, तोंड एवढंसं करून. हे एकटे पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा. मग यांनी एक सुपारी घेतली, कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली.

मी वैदिकाची बायको आहे, मला याचा अर्थ सांगायला नको. बायको नसलेला पुरुष कर्माला बसतो तेव्हा तिच्या जागी सुपारी घेतो. चाळीस पावलांवर मी जिवंत उभी, तुपाने हात माखलेले, आणि माझा नवरा भर मांडवात विधुर होऊन बसला. पद्माला सुपारीतून बोलावलं, मला तुपाच्या डब्यांवर बसवलं. पद्माचा मान राहिला, सुपारीचासुद्धा राहिला. मी कोठीचं दार आतून लावून घेतलं. मंत्र ऐकू आले असते म्हणून पातेली हलवत राहिले. जिलब्यांवर माश्या येत होत्या, त्या वारत बसले.

निघताना वैदेही पाया पडली. मी आशीर्वाद दिला, "अष्टपुत्रा" वगैरे काय ते. ती काही बोलायला गेली. मी म्हटलं, "गाडी चुकेल." ती यांच्या गळ्यात पडून रडली, माझ्या नाही. बरोबरच आहे. मी कोण?

१० डिसेंबर

यांच्याशी बोलणार नाही.

२४ डिसेंबर

बोलले नाही. यांनीही कारण विचारलं नाही. दोघं माणसं घरात, आवाज काय तो पळीपंचपात्राचा.

१५ जानेवारी १९९६, सोमवार. संक्रांत

इंदूरहून पाकीट आलं. तिळगूळ, लग्नाचे फोटो आणि वैदेहीचं पत्र. 'ती. बाबांस व मावशीस'. सासूबाई चांगल्या आहेत. नवरा, सुश्रुत, बँकेतून सहाला येतो. थंडी इथल्याहून कमी. शेवटी लिहिलं आहे: 'कन्यादानाच्या फोटोत बाबांच्या शेजारचा पाट रिकामा दिसतो. इकडे जो तो विचारतो, हा कुणाचा. मी सांगते, आईचा.'

वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. सव्वा महिना धरलेलं मौन सुटलं. यांच्यापुढे फोटो टाकला आणि म्हटलं, "घ्या. पद्माचा पाट छान आला आहे. चौकट करून लावा."

यांनी फोटो उचलून खिडकीशी नेला. बराच वेळ पाहिला.

"पद्माचा कुठला?"

"सुपारी कुणाच्या नावाची होती मग? माझ्या?"

"हो," म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. यांना थट्टा येत नाही हे लक्षात यायला थोडा वेळ गेला.

"पद्मा गेली, तिचं नवमीला करतो. लग्नाच्या संकल्पात तिला कसा आणेन? बायको हयात आहे आणि काही कारणाने येऊन बसत नाही, तर तिच्या नावाची सुपारी घेतात. संकल्पात मी स्पष्ट म्हटलं, शरदिनीनाम्न्या धर्मपत्न्या सह. श्रीरामरावांचं तोंड पाहिलं नाहीस तू."

"हे तुम्ही ठरवलंत?"

"मी कसलं ठरवतो. मी तर मामा-मामींना हो म्हणणार होतो, भांडण नको म्हणून. आदल्या दिवशी सकाळी वैदेही पाठशाळेत आली. मुलांसमोर. म्हणाली, बाबा, मावशी नाही म्हणते. पण ती नाही म्हणते म्हणून दुसरी कुणी बाई तिच्या जागी बसणार नाही. बसली तर मी मांडवात उभी राहणार नाही. मग मीच सुपारीचं सुचवलं. ती म्हणाली, चालेल, पण नाव मोठ्याने घ्या. मावशीला कोठीपर्यंत ऐकू जाऊ दे."

मी विचारलं, "आणि मला सांगितलं का नाहीत? सव्वा महिना!"

"मला वाटलं तू ऐकलंस. ऐकूनही तुझं समाधान झालं नाही, असं वाटलं. आम्हा दोघांनाही तसंच वाटलं. निघताना ती तुला विचारणार होती."

हे तिळगुळाचा खडा तोंडात टाकून पाठशाळेत गेले. आज संक्रांतीची सुट्टी आहे, तरी गेले.

मी ते पत्र पुन्हा उलगडलं. 'मी सांगते, आईचा.' मला तोंडावर तिने तसं कधी म्हटलं नाही, मीच म्हणू दिलं नाही, आणि आता ती तिकडे अनोळखी माणसांना सांगते आहे. माझं नाव भर मांडवात घेतलं जात होतं तेव्हा मी दार लावून, पातेली वाजवत, जिलब्यांवरच्या माश्या वारत होते.

उत्तर लिहायला बसले आहे. 'चि. वैदेहीस' लिहून झालं. त्याच्याखाली दोनदा काहीतरी लिहिलं आणि दोन्ही वेळा कागद फाडला. खाली सही काय करायची तेच ठरत नाही.